अ‍ॅशवेलची भिंत आणि उरलेली माणसे

या धाग्यात आजवर किल्ले आले, ताम्रपट आले, नाणी आली. लढायांना तर तोटाच नाही. आज एका भिंतीविषयी लिहिते आहे. इंग्लंडमधील हर्टफर्डशर परगण्याच्या उत्तर टोकाला अ‍ॅशवेल नावाचे गाव आहे. तेथील सेंट मेरी चर्चच्या मनोऱ्याखाली, उत्तरेकडील भिंतीच्या आतल्या अंगाला, चौदाव्या शतकात कोणीतरी टोकदार हत्याराने लॅटिनमध्ये काही ओळी लिहून ठेवल्या. कोरल्या असे म्हणवत नाही, कारण त्यामागे ना राजाज्ञा होती, ना कुशल कारागीर. ओरखडल्या म्हणणेच बरे. १३४९ च्या महामारीचा इतका थेट, इतका कळकळीचा उल्लेख इंग्लंडमधील दुसऱ्या कुठल्या गावच्या भिंतीवर माझ्या वाचनात आलेला नाही.

येथे शिकायला आल्यापासून हे चर्च माझ्या वाचनयादीत होते. लंडनहून केम्ब्रिजकडे जाणाऱ्या गाडीने ‘अ‍ॅशवेल अँड मॉर्डन’ या छोट्या स्टेशनावर उतरायचे आणि शेतांमधून सुमारे तीन किलोमीटर चालायचे, एवढाच प्रवास. तरी मी पाच महिने टाळाटाळ केली. तिचे कारण पुढे ओघाने येईल.

प्रथम पॅरिश चर्च म्हणजे काय, ते पाहू. आपल्याकडे इंग्लंडचे मध्ययुग म्हटले की डोळ्यांसमोर कॅथीड्रल येते. कॅथीड्रल हे बिशपचे आसन. पॅरिश चर्च हे गावाचे. मध्ययुगीन इंग्लंड अशा आठ-नऊ हजार पॅरिशांमध्ये विभागलेला होता आणि प्रत्येक माणूस कोणत्या ना कोणत्या पॅरिशचा असे. बाप्तिस्मा तेथेच, विवाह तेथेच, दफनही तेथेच. पिकाचा, लोकरीचा, कोकरांचा दहावा हिस्सा, म्हणजे दशमांश, तेथेच द्यायचा. १२१५ च्या चौथ्या लॅटरन धर्मपरिषदेनंतर वर्षातून एकदा तरी आपल्या पॅरिशच्या धर्मगुरूपुढे पापांची कबुली देणे प्रत्येक प्रौढाला बंधनकारक झाले. थोडक्यात, माणूस शेत एकवेळ बदलील, पॅरिश सहसा बदलत नसे.

इमारतीची रचना मराठी वाचकाला समजावणे सोपे आहे, कारण देवळाची भाषा आपल्या कानावर असते. पूर्वेला गाभाऱ्यासारखा चॅन्सेल, तेथे वेदी. पश्चिमेला सभामंडपासारखा नेव्ह, तेथे लोक. दोहोंच्या मध्ये लाकडी जाळीचा पडदा आणि त्यावर क्रुसावरील ख्रिस्ताची मूर्ती. नेव्हच्या दोन्ही अंगांना खांबांच्या रांगांपलीकडे अरुंद दालने, आणि पश्चिम टोकाला घंटांचा मनोरा. पंधराव्या शतकापूर्वी नेव्हमध्ये बसायला बाके फारशी नसत; लोक उभे राहत, गुडघे टेकत, म्हातारी माणसे भिंतीला टेकत. साम्य येथे संपते. एक भेद मात्र इतिहासाच्या विद्यार्थ्याने कधीच विसरू नये. तेराव्या शतकापासून इंग्लंडमध्ये असा रिवाज पक्का झाला की चॅन्सेलची डागडुजी दशमांश घेणाऱ्या रेक्टरने करायची आणि नेव्हची लोकांनी. त्यामुळे एकाच छपराखालचे हे दोन भाग म्हणजे दोन वेगळ्या खिशांतून खर्च झालेले पैसे असतात. चॅन्सेल बुटका आणि नेव्ह भव्य दिसला, तर रेक्टर कंजूष आणि गाव सधन असा तर्क करायला जागा असते. तर्कच, पुरावा नव्हे. पण भिंती असे बोलतात हे कळल्यावर मला कागदपत्रांइतकाच चुनाही वाचावासा वाटू लागला.

अ‍ॅशवेल तेव्हा खेडे नव्हते. १०८६ च्या डूम्सडे नोंदवहीत ते वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीच्या मालकीचे दाखवले आहे आणि तेथे १४ बर्जेस, म्हणजे नगराचे हक्क असलेले रहिवासी, असल्याची नोंद आहे. गावात झरे आहेत. केम नदीचा एक मूळ प्रवाह तेथूनच निघतो. पुढे मोठ्या रस्त्यांवर वसलेल्या रॉयस्टन आणि बॉल्डॉक या शेजाऱ्यांनी व्यापार ओढून घेतला आणि अ‍ॅशवेल मागे पडले. चर्च मात्र बाजारपेठेच्या ऐन भराच्या मापाने राहिले. मनोरा १७६ फूट उंच आहे, हर्टफर्डशरमधील पॅरिश चर्चांत सर्वांत उंच. चार टप्प्यांनी चढत जाणारा, कोपऱ्यांना जाडजूड टेकू दिलेला आणि माथ्यावर शिशाने मढवलेला बारीक सुळका. चालत येताना गावाच्या आधी तोच दिसतो.

आणि हा सगळा डोलारा उभा आहे खडूवर! मी अतिशयोक्ती करत नाही. या भागात बांधकामाचा चांगला दगड नाही. जमिनीखाली आहे तो चुनखडीचा मऊ, पांढुरका थर. त्याला तेथे क्लंच म्हणतात. खाणीतून ताजा काढलेला क्लंच करवतीने कापता येतो, त्यावर हवे ते नक्षीकाम करता येते. छपराखाली तो शतकानुशतके टिकतो. पाऊस आणि थंडी लागली की बाहेरून झडू लागतो. भिंतींच्या भरावात गारगोटीचे तुकडे आहेत, मनोऱ्याचा बाहेरचा अंगरखा मात्र क्लंचचा. म्हणून मनोऱ्याची डागडुजी हे या गावाचे कधीच न संपणारे काम होऊन बसले आहे. काळ्या पाषाणाच्या देशातून आलेल्या माणसाला हे पाहून थोडे हसू येते. पण या मऊपणामुळेच आपली गोष्ट शक्य झाली. बेसॉल्टवर नाव कोरायचे तर छिन्नी हवी, हातोडा हवा, मजुरी द्यायला दाता हवा. क्लंचवर लिहायला चाकूचे टोक पुरते.

अ‍ॅशवेलच्या भिंती-खांबांवर अशी पुष्कळ लिखावट आहे. एका खांबावर कोणी तरी लॅटिनमध्ये तक्रार केली आहे की कोपऱ्यांचे सांधे नीट बसलेले नाहीत, आणि शेवटी लिहिले आहे की मी यावर थुंकतो. हा गवंड्यांच्या कामावर चिडलेला गवंडीच होता की लॅटिन येणारा एखादा देखरेख्या, याची कल्पना करण्यात माझी एक संध्याकाळ सुखाने गेली आहे. महामारीच्या ओळींजवळच एका भव्य चर्चचे चित्र रेखाटलेले आहे. ते लंडनच्या जुन्या सेंट पॉल्स कॅथीड्रलचे असावे असे सामान्यतः मानले जाते. त्या कॅथीड्रलचा सुळका १५६१ मध्ये वीज पडून जळाला आणि उरलेली इमारत १६६६ च्या आगीत गेली. खरी वास्तू नाहीशी झाली. गावातल्या खडूवरचे चित्र राहिले.

इतिहासकारांनी या खरडण्याकडे गंभीरपणे बघायला बराच वेळ लावला. व्हायोलेट प्रिचर्ड यांचे इंग्लंडमधील मध्ययुगीन भित्तिलेखनावरचे पुस्तक १९६७ चे. २०१० पासून मॅथ्यू चॅम्पियन यांनी नॉरफकमध्ये स्वयंसेवकांच्या मदतीने चर्चांची पद्धतशीर पाहणी सुरू केली, तेव्हा कुठे या अभ्यासाला वेग आला. त्यांची मुख्य सामग्री म्हणजे विजेरी. प्रकाश भिंतीवर समोरून टाकला की काही दिसत नाही. भिंतीला जवळजवळ चिकटवून बाजूने टाकला की ओरखड्यांच्या सावल्या उठतात आणि अक्षरे वर येतात. पुण्यात झिजलेला यादवकालीन शिलालेख वाचायला आम्हाला नेमके हेच शिकवले होते. फक्त तिथे विजेरीऐवजी सकाळी आठचे ऊन असे.

आता त्या ओळी. एका ठिकाणी लिहिले आहे की पहिली महामारी एक हजार, तीनदा शंभर, आणि पन्नासातून एक वजा, अशा वर्षी झाली. पन्नासातून एक वजा! मराठी माणसाला याचे स्पष्टीकरण द्यावे लागत नाही, कारण आपण १३४९ चा उच्चारच तसा करतो: एकोणपन्नास म्हणजे एक-ऊन-पन्नास. वर्गात बाकीचे विद्यार्थी ही कोड्यासारखी रचना उलगडत असताना मी ती सरळ वाचून मोकळी झाले होते. या देशात भाषेमुळे माझे काही सोपे झाल्याचा तो विरळा प्रसंग.

मोठा लेख १३५० या आकड्याने सुरू होतो. मग त्या काळासाठी एकापुढे एक विशेषणे येतात: दीनवाणा, क्रूर, हिंसक. मग म्हटले आहे की साक्ष द्यायला लोकांतले सर्वांत वाईट तेवढे उरले आहेत. आणि शेवटी एक प्रचंड वारा, जो सेंट मॉरसच्या दिवशी जगभर गरजला; वर्ष १३६१.

हा वारा इतिहासाला नीट माहीत आहे. १५ जानेवारी १३६२ रोजी अटलांटिककडून आलेल्या वादळाने इंग्लंडपासून जर्मनीपर्यंत किनारे उद्ध्वस्त केले. नॉरिच कॅथीड्रलचा सुळका त्यातच कोसळला. मग भिंतीवर १३६१ का? कारण त्या काळी इंग्लंडमध्ये नवे वर्ष २५ मार्चला लागे, जानेवारी अजून जुन्याच वर्षात मोजला जाई. शालिवाहन शकाचे वर्ष चैत्रात बदलते आणि माघातली घटना मागच्या शकात जाते, तसेच हे. शिवकालीन तारखा इसवी सनात आणताना ज्यांनी डोके धरले आहे, त्यांना याहून अधिक सांगायला नको.

पण या तारखेतून एक महत्त्वाची गोष्ट निघते. शेवटची ओळ १३६२ च्या जानेवारीपूर्वीची असूच शकत नाही. म्हणजे महामारी ओसरून बारा वर्षे झाल्यावरही कोणी तरी या भिंतीपाशी आले आणि तिच्या जोडीला वादळ लिहिले. मधल्या काळात, १३६१ मध्ये, महामारी दुसऱ्यांदा येऊन गेली होती. पहिल्या खेपेनंतर जन्मलेली मुले तिने इतकी नेली की समकालीनांनी तिला मुलांची महामारी म्हटले. भिंतीवर तिचे नाव स्वतंत्रपणे येत नाही. पण तिच्याच वर्षाचा आकडा शेवटी आहे.

१३४८ च्या उन्हाळ्यात दक्षिण किनाऱ्यावरच्या मेलकम रीजिस बंदरात रोग उतरला, शरदात लंडनला पोहोचला आणि १३४९ मध्ये देशभर पसरला. लोकसंख्येचा तिसरा हिस्सा ते निम्मा हिस्सा गेला असे अंदाज आहेत. २०११ मध्ये लंडनच्या ईस्ट स्मिथफील्ड दफनभूमीतील दातांमधून जंतूचा जनुकीय आराखडा मिळाला: येर्सिनिया पेस्टिस. १८९६ मध्ये मुंबईत आणि पाठोपाठ १८९७ मध्ये पुण्यात ज्या प्लेगने हाहाकार माजवला, रँडच्या वधापर्यंत ज्याची परिणती झाली, त्याचाही जंतू तोच. मराठीतले प्लेगाचे वाङ्मय वाचत मोठी झालेली मी इथे नव्या रोगाविषयी नव्हे, जुन्या ओळखीच्या वैऱ्याविषयी वाचत होते.

अंदाज कसे काढतात? येथे विद्यार्थी म्हणून माझी पहिली निराशा झाली. चर्चने बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांची नोंदवही ठेवावी असा हुकूम टॉमस क्रॉमवेलने काढला तो १५३८ मध्ये. १३४९ मध्ये सामान्य माणसाच्या मरणाची नोंद करणे हे कोणाचेच काम नव्हते. उरले दोन आडमार्ग. पहिला, बिशपच्या दप्तरात कोणत्या चर्चला नवा धर्मगुरू नेमला याची नोंद असते, त्यावरून आधीचे किती गेले ते कळते. दुसरा, जमीनदारीच्या न्यायसभेचे लेखपट. कूळ मेले की त्याच्या घरचे उत्तम जनावर जमीनदाराने घ्यायचे. या देण्याला हेरियट म्हणत. एरवी वर्षाला दोन-चार हेरियट येणाऱ्या गावी एका वर्षात कित्येक पटींनी येतात, एखादा गोठ्यात जनावरच नसल्याचे सांगतो, जमीन घ्यायला वारस सापडत नाही. मरणारा कोठे दिसत नाही. दिसते ते जमीनदाराच्या गोठ्यात आलेले गुरू. आणि त्यातही नाव येते ते बहुतेक कुळाचे, म्हणजे घरच्या कर्त्या पुरुषाचे. बायका, मुले, जमीन नसलेले मजूर यांच्या मरणाने कोणाचा गोठा भरत नव्हता, म्हणून ते लेखपटातही नाहीत.

या टप्प्यावर माझी टाळाटाळ सुरू झाली होती. माझी आजी २०२१ च्या एप्रिलमध्ये, करोनाच्या दुसऱ्या लाटेत गेली. तेव्हा मी पदवीच्या दुसऱ्या वर्षाला होते. घर सांगली जिल्ह्यात. स्वयंपाकघराच्या दारामागे कालनिर्णय टांगलेले असे आणि त्यावर आजी दुधाचा हिशेब लिही. दररोजचा दीड लिटरचा रतीब. त्यात फरक पडला तरच ती त्या दिवसाच्या चौकोनात आकडा घाली. आजीला दवाखान्यात नेले त्या दिवसाचा चौकोन रिकामा आहे. ती गेली त्या दिवसाचाही. त्यानंतर दोन दिवसांनी आजोबांच्या, कधीही कॅलेंडरला हात न लावणाऱ्या माणसाच्या अक्षरात लिहिले आहे: आजपासून १ लि. मृत्यूचा दाखला फाइलमध्ये आहे, पण घराने स्वतःच्या हाताने केलेली नोंद ती एवढीच.

हेरियटांचा धडा वाचताना मला ते पान आठवले आणि त्याबरोबर त्याची मर्यादाही. उद्या एखाद्या संशोधकाला ते कॅलेंडर सापडले तर तो लिहील की या घरातील एक व्यक्ती कमी झाली आणि ती दिवसाला अर्धा लिटर दूध पीत असावी. आजी दुधाला शिवत नसे. तो अर्धा लिटर तिच्याकडे येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या चहाचा होता. साधनांचे अंतरंग परीक्षण कसे करावे यावर मी पुष्कळ वाचले आहे, पण ते मला खरे उमगले ते याच पानाने. आकडा बरोबर असतो, घट खरी असते, आणि तरीही जे कमी झाले ते भलतेच असते.

अ‍ॅशवेलचा लेख म्हणून मला वाचवत नव्हता. बाकी सगळी साधने आडून बोलतात. हा एक माणूस समोर उभा राहून बोलतो.

तो कोण असावा? त्याला लॅटिन येत होते आणि चर्चच्या भिंतीपाशी निवांत उभे राहायची मुभा होती. बहुधा धर्मगुरू किंवा त्याचा साहाय्यक. हे मानले तर लेखाचा अर्थ अधिक जड होतो. मरणाऱ्याच्या उशाशी जाऊन अखेरची कबुली ऐकणे हे धर्मगुरूचे कर्तव्य; जे गेले त्यांतले बरेच मेले. जानेवारी १३४९ मध्ये बाथ अँड वेल्सचा बिशप राल्फ याने पत्र पाठवून कळवले की धर्मगुरू मिळत नसेल तर मरणाऱ्याने कोणाही सामान्य माणसापुढे, पुरुष नसल्यास बाईपुढेसुद्धा, पापांची कबुली द्यावी. मध्ययुगीन चर्चने किती मोठी अट सोडली, हे त्या काळाची मुरवत माहीत असलेल्यालाच कळेल. नियम मोडावे लागले म्हणजे माणसे एकटी मरत होती. २०२१ मध्ये आम्ही आजीला शेवटचे पाहिले ते नातेवाइकाने पाठवलेल्या फोनवरच्या चित्रफितीत, म्हणून त्या पत्रापाशी मी बराच वेळ थांबले. अधिक काही म्हणायचे नाही.

उलट बाजूही आहे. १३५० मध्ये कँटरबरीचा आर्चबिशप सायमन आयस्लिप याने फर्मान काढून उरलेल्या धर्मगुरूंना खडसावले: तुम्ही कमी झालात म्हणून अवाच्या सवा वेतन मागता, पॅरिश सोडून पैशाच्या जागी जाता. म्हणजे उरलेल्यांना वाईट म्हणणे ही त्या काळची सर्वमान्य भाषा होती. त्यामागे धर्मशास्त्रही होते. रोग हा पापाचा दंड; मग चांगली माणसे गेली आणि आपण राहिलो, याचा अर्थ काय लावायचा?

लॅटिनमध्ये शब्द आहे ‘पेस्सिमा’, अत्यंत वाईट. इंग्रजी भाषांतरकारांनी त्याचा तळाला बसलेला गाळ केला. पहिल्या वाचनात मला तो लोकांवर केलेला शेरा वाटला. वरच्या वर्गाचा माणूस खालच्यांना नावे ठेवतो आहे असा. आता तसे वाटत नाही. साक्ष द्यायला सर्वांत वाईट उरले, असे लिहिणारा हात हा त्या साक्षीदारांपैकीच एकाचा आहे. तो स्वतःला वगळू शकत नाही. त्याने मेलेल्यांची संख्या लिहिली नाही, नावे लिहिली नाहीत, भिंतीवर पाचपन्नास नावे मावली असती तरी नाही. त्याने नोंद केली ती उरलेल्यांची, आणि तीही अशी. आजोबांनी ‘१ लि.’ लिहिले, तेव्हा तेही मोजत होते ते उरलेल्यांनाच.

या उरलेल्यांनी पुढे काय केले, हे मात्र इमारतच सांगते. मनोऱ्याच्या खालच्या भागावर हा लेख आहे आणि त्याच्या डोक्यावर आज १७६ फुटांचे बांधकाम उभे आहे. चर्चचे मुख्य काम चौदाव्या शतकाचे; महामारीने ते काम थांबले असेल, मंदावले असेल, पण सोडून दिले गेले नाही. आणि ते आता स्वस्तही नव्हते. मजूर कमी झाले तशी मजुरी वाढली. १३४९ चा अध्यादेश आणि १३५१ चा कायदा यांनी मजुरी महामारीपूर्वीच्या दरावर बांधून टाकायचा प्रयत्न केला: घडीव दगडाच्या उस्ताद पाथरवटाला दिवसाला ४ पेन्स, इतर पाथरवटांना ३. कायदा करावा लागला याचाच अर्थ लोक जास्त मागत होते आणि मिळवत होते. मऊ क्लंच घडवणाऱ्यालाही चांगला भाव आला असणार. खांबावर थुंकणाऱ्या त्या गृहस्थाची तक्रार याच दिवसांतली असेल तर त्याला मी दोष देणार नाही. हात मिळतील तसे घ्यावे लागत होते.

येथे एका लाडक्या समजुतीविषयी सांगायला हवे, कारण ती समाजमाध्यमांवर वारंवार फिरते. इंग्लंडच्या गॉथिक वास्तुकलेत चौदाव्या शतकाच्या पूर्वार्धात खिडक्यांच्या दगडी जाळ्या वेलींसारख्या वळणदार असत. पुढे त्या सरळ उभ्या पट्ट्यांच्या झाल्या, या शैलीला पर्पेंडिक्युलर म्हणतात. समजूत अशी की महामारीत कुशल कारागीर मेले, उरलेल्यांना वळणे जमेनात, म्हणून रेषा सरळ झाल्या. ऐकायला सुंदर आहे. मी हे एका परीक्षेत लिहून गुणही मिळवले आहेत. पण ते खरे नाही. विल्यम रॅम्झी या राजाच्या प्रमुख पाथरवटाने लंडनच्या सेंट पॉल्सचे सभागृह सरळ रेषांच्या नव्या शैलीत १३३२ मध्येच सुरू केले होते आणि ग्लॉस्टरलाही त्याच दशकात ती शैली दिसते. महामारीच्या सोळा-सतरा वर्षे आधी! रॅम्झी स्वतः १३४९ मध्ये वारला. महामारीने शैली जन्माला घातली नाही, जन्माला घालणाऱ्याला मात्र बहुधा तिनेच नेले. नव्या शैलीचा प्रसार सोपा झाला, तिचे साचेबद्ध घटक पुन्हा पुन्हा घडवता येत होते, इतके म्हणायला हरकत नाही.

सोळाव्या शतकात धर्मसुधारणा आली. मधला पडदा आणि त्यावरच्या मूर्ती निघाल्या, चित्रित भिंतींवर चुन्याची सफेदी फिरली. देशभर हेच झाले. गंमत अशी की चुन्याने जे झाकले ते पुष्कळदा टिकले. चुना खरवडून काढायच्या एकोणिसाव्या शतकातल्या उत्साहाने अधिक नासधूस केली, असे माझे मत आहे.

फेब्रुवारीत अखेर गेले. चर्च उघडे होते, आत कोणी नव्हते. मोठ्या खिडक्यांच्या साध्या काचांतून आलेला उजेड क्लंचवर पडून सगळे आतून पांढरे दिसत होते. इतक्या उजेडात लेख सापडेना. फोनची विजेरी भिंतीला टेकवून हळूहळू फिरवली तेव्हा तो उठला. अक्षरे माझ्या कल्पनेपेक्षा लहान आणि नीटस होती. मला वाटले होते थरथरत्या हाताने लिहिली असतील. ओळी सरळ आहेत, संक्षेपचिन्हे जागच्या जागी आहेत. लिहिणाऱ्याने वेळ घेतला होता. विजेरी बाजूला केली की भिंत पुन्हा कोरी होई. तीन-चार वेळा केले तसे.

परतीच्या गाडीला वेळ होता म्हणून वहीत मराठी भाषांतर करायला बसले. वारा, वर्षे, विशेषणे झाली. ‘पेस्सिमा’पाशी अडले. गाळ म्हटले तर माणसे दिसत नाहीत, अधम म्हटले तर प्रवचन होते. सध्या ‘उरलीसुरली’ असे पेन्सिलीने लिहून ठेवले आहे. त्यात वाईटपणा कमी पडतो, हे मला कळते. कोणाला याहून चांगला शब्द सुचला तर या धाग्यात जरूर लिहा.